लांब इंग्रजी शब्द कुठं तोडायचा?

उदगिरातून मी बोलतेय, म्हणजे आता लिहितेय. हा भाग ऐकल्यावर बऱ्याच जणांनी तो वाचायलाही मागितला. बरोबरच आहे, तोडलेले शब्द नुसते ऐकून ध्यानात राहत नाहीत. म्हणून हा लेखी उतारा. बोलताना जिथं घसरले तिथं थोडं सावरून घेतलंय, बाकी तसंच ठेवलंय. वही आणि पेन्सिल जवळ घ्या. इंग्रजी अक्षरं मी त्यांच्या नावानं सांगणार आहे, तुम्ही ती वहीत मांडत चला.

विषय निघाला तो माझ्या भाचीमुळं. पोरगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, खेड्यातल्या शाळेत शिकली. विज्ञानात हुशार. दहावीला चांगले मार्क पडले की पोरगं लातूरला, हे आमच्याकडं घराघरांत ठरलेलंच असतं. साठ-पासष्ट किलोमीटरवर लातूर, तिथं खोली, मेस, शिकवणी आणि डोळ्यांपुढं नीटची परीक्षा. हीपण गेली. दीड-दोन महिने झाले असतील, एका रात्री साडेदहाला फोन. "मावशी, मला जमना गेलंय. मी परत येते, आर्ट्स घेते."

काय झालं होतं? तासाला सरांनी तिला पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्यानं वाचायला लावला होता. त्यात एक शब्द आला. ई-सी-एच-आय-एन-ओ-डी-ई-आर-एम-ए-टी-ए. ही थांबली, मग म्हणाली, "एचिनोडरमाटा." वर्ग हसला. सरही हसले. शब्द होता इकायनोडर्माटा.

आता यातली खरी गोष्ट अशी की या पोरीला तो प्राणी पाठ होता. तारामासा, फक्त समुद्रात सापडतो, अंगावर कॅल्शियमचे काटे, नलिकापादांनी हालचाल. दहावीच्या पुस्तकात त्याला कंटकचर्मी म्हणतात आणि त्यावर तिनं पूर्ण मार्क मिळवले होते. हसणाऱ्यांपैकी किती जणांना एवढं सांगता आलं असतं, देव जाणे. मी फोनवर एवढंच विचारलं, "कंटकचर्मी म्हणजे काय गं?" तर म्हणाली, "काटेरी कातडीचा." मी म्हटलं, "मग तुला तो इंग्रजी शब्द येतो. तो कुठं तोडायचा तेवढं तुला कुणी सांगितलं नाही. रविवारी येते मी."

रविवारी तिची वही बघितली. पानंच्या पानं एकेक शब्द वीस-वीस वेळा लिहिलेला. पी-एच-ओ-टी-ओ-एस-वाय-एन-टी-एच-ई-एस-आय-एस. फोटोसिंथेसिस. ही चौदा अक्षरं ती रात्री जपासारखी म्हणायची. मधलं एक मणी निसटलं की सगळी माळ पहिल्यापासून.

आपल्यापैकी बहुतेकांनी हेच केलंय. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. आमच्या वेळी ते पाचवीला यायचं. पण पाठांतराची रीत तीच राहिली. नेचर लक्षात राहावा म्हणून "नाटुरे" म्हणायचं, फ्युचरसाठी "फुटुरे", नॉलेजसाठी "कनवलेडगे". टुगेदर म्हणजे टू-गेट-हर. असॅसिनेशन म्हणजे गाढवावर गाढव, त्याच्यावर मी, माझ्यावर देश. या युक्त्या मीही वर्गात वापरल्यात आणि मला त्यांची लाज वाटत नाही. चार-सहा आडमुठ्या शब्दांपुरत्या त्या बऱ्या आहेत. पण त्या शब्दाचा अर्थ सांगत नाहीत आणि पुढच्या शब्दालाही कामी येत नाहीत. अकरावीच्या जीवशास्त्रात असे शब्द शेकड्यांनी येतात. तेवढी गाढवं आणायची कुठून?

तर शब्द तोडायच्या दोन रीती आहेत. एक आवाजाची, एक अर्थाची. आवाजानं तोडलं की जो तुकडा मिळतो त्याला इंग्रजीत सिलॅबल म्हणतात. मी वर्गात त्याला "घास" म्हणते, एका तोंडात मावतो तेवढा उच्चार. अर्थानं तोडलं की मिळते ती "फोड". हा शब्द माझा नाही, आपल्या व्याकरणाच्या पेपरातलाच आहे. "पुढील शब्दांची फोड करा" हा प्रश्न तुम्हीही सोडवला असेल. संत्र्याच्या फोडी कशा, जिथं सुटतात तिथंच सुटतात. घास मात्र तोंडाच्या मापाचा.

आधी घास. हनुवटीखाली हात धरा आणि म्हणा: उदगीर. हनुवटी किती वेळा खाली गेली? दोन. उद, गीर. लिहिताना मात्र चार अक्षरं. उ, द, गी, र. म्हणजे आपण लिहितो एक आणि बोलतो एक, हे मराठीतही आहे. फक्त आपल्या तोंडाला सवय असल्यानं ते जाणवत नाही. इंग्रजी शब्द समोर आला की मात्र आपण लिहिलेलं अक्षर न् अक्षर सुटं करून बोलायला बघतो आणि तिथं फसतो.

घास मोजायचा नियम सोपा आहे. जितके स्वर ऐकू येतात तितके घास. ऐकू येतात तितके, हे महत्त्वाचं. लिहिलेले असतात तितके नव्हे. एम-ए-के-ई मध्ये स्वर दोन लिहिलेत, ऐकू येतो एक. मेक. शेवटचा ई मुका, पण बिनकामाचा नाही. तो मागच्या ए-ला लांबवतो. तो काढला तर मॅक होईल.

मग दोन स्वरांच्या मध्ये व्यंजनं असतील तर ती कुणाच्या वाट्याला द्यायची? दोन व्यंजनं असतील तर बहुधा एक मागच्याला, एक पुढच्याला. सप्टेंबर म्हणजे सेप-टेम-बर, नॅपकिन म्हणजे नॅप-किन. हे ऐकून भाची म्हणाली, "हे तर लघु-गुरूसारखं आहे." मला फार बरं वाटलं. अगदी तेच आहे. वृत्त शिकताना आपण शिकलो की जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू होतं. कामून होतं? कारण जोडाक्षरातला अर्धा वर्ण मागच्या अक्षराला जाऊन चिकटतो. पुस्तक म्हणताना आपण पुस्-तक म्हणतो. विद्या म्हणताना विद्-या. पु वर आघात येतो म्हणून तो गुरू. इंग्रजीतल्या ज्या नियमाची शिकवणीवाले वेगळी फी घेतात, तो आपल्या पोरांनी यमाताराजभानसलगं म्हणताना कधीच शिकलेला असतो.

एकच व्यंजन मध्ये असेल तर जरा घोळ आहे. मोबाईल आणि मॉडेल, दोन्हींची सुरुवात एम-ओ. मोबाईलमध्ये बी पुढच्या घासात जातो, मागं नुसता मो उघडा राहतो, म्हणून ओ लांब. मॉडेलमध्ये डी मागच्या घासाला चिकटतो, घास बंद होतो, म्हणून ओ आखूड, मॉ. अनोळखी शब्द असेल तर आधी उघडा घास धरून म्हणून बघायचं, ऐकलेल्या शब्दासारखा लागला नाही तर बंद घास. दोन प्रयत्नांत बहुतेक शब्द हाती येतात. इंग्रजीच्या मास्तरांच्या पुस्तकात घासांचे सहा प्रकार दिलेले असतात. ते चांगलेच आहेत, पण मी ते पोरांना पाठ करायला लावत नाही. पाठांतरातून सोडवायचं आणि परत पाठांतरातच घालायचं, याला काय अर्थ?

आता फोडीकडं येऊ. वहीत तेच चौदा अक्षरी फोटोसिंथेसिस घ्या. घास पाच: फो-टो-सिन्-थे-सिस. फोडी तीन: फोटो, सिन्, थेसिस. फोटो म्हणजे प्रकाश. सिन् म्हणजे एकत्र. थेसिस म्हणजे मांडणं, ठेवणं. आणि मराठीत काय म्हणतो आपण? प्रकाशसंश्लेषण. प्रकाश, सम्, श्लेषण. प्रकाश म्हणजे प्रकाश, सम् म्हणजे एकत्र, श्लेषण म्हणजे जोडणं. फोडीला फोड लावून ठेवा, तिन्ही जुळतात.

हा योगायोग नाही. ज्यांनी मराठी परिभाषा घडवली त्यांनी कितीतरी ठिकाणी हेच केलं. इंग्रजी शब्द अर्थाच्या सांध्यावर उकलला आणि एकेका फोडीला संस्कृतातली फोड दिली. १९६० साली राज्याचं भाषा संचालनालय निघालं, त्यानं विषयवार परिभाषा कोश काढले. त्यांची आपण "किती अवघड मराठी" म्हणून टिंगल करतो. पण माझ्या भाचीसाठी तेच शब्द म्हणजे कुलपाची किल्ली. मायक्रोस्कोप, सूक्ष्मदर्शक. मल्टिसेल्युलर, बहुपेशीय. अँफिबियन, उभयचर. आर्थ्रोपोडा, संधिपाद: आर्थ्रो म्हणजे सांधा, म्हणून सांधेदुखीला डॉक्टर आर्थ्रायटिस म्हणतात, आणि पोडा म्हणजे पाय. प्लॅटिहेल्मिंथिस हा पंधरा अक्षरांचा राक्षस, पण फोडी दोनच. प्लॅटी म्हणजे चपटा, हेल्मिंथ म्हणजे कृमी. चपटे कृमी! हे सगळे दहावीच्या एकाच धड्यातले.

आणि इकायनोडर्माटा? इकायनो म्हणजे काटेरी. डर्मा म्हणजे कातडी, त्वचारोगाच्या डॉक्टरांच्या पाटीवर डर्मा असतंच. कंटक, चर्मी. पोरगी नुसती बघत राहिली. मग सी-एच चा क का, हे सांगितलं. हे शब्द ग्रीकांच्या घरातले, आणि त्या घरात सी-एच चा उच्चार क. केमिस्ट्री, एको, स्टमक. ग्रीक शब्द ओळखायच्या खुणा असतात. पी-एच चा फ, सी-एच चा क, मध्येच वाय येऊन इ म्हणायला लागतो, सुरुवातीला मुका पी असतो. अशी एखादी खूण दिसली की समजावं, हा बहुधा तिकडचा पाहुणा आहे, त्याच्याशी त्याच्या रीतीनं वागायचं. ही खूण माहीत असती तर ती एचिनो म्हणालीच नसती. चूक अकलेची नव्हती, माहितीची होती.

काही फोडी तर अर्थानंच नव्हे, रक्तानंही आपल्या आहेत. १७८६ साली विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात भाषण करून सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून आल्या असाव्यात. ते पोरांना इतिहासातली माहिती म्हणून सांगितलं तर झोपतात. शब्दांत दाखवलं तर उठून बसतात. आर्थ्रोपोडातला पोड आणि आपला पाद सख्खे भाऊ. डाय म्हणजे द्वि, ट्राय म्हणजे त्रि, ऑक्टा म्हणजे अष्ट, डेका म्हणजे दश. रसायनात इलेक्ट्रॉनचं अष्टक पूर्ण होतं म्हणतो ना, त्याला इंग्रजीत ऑक्टेट म्हणतात. हायड्रोजनला जुन्या मराठी पुस्तकांत उद्‌जन म्हणायचे. उद म्हणजे पाणी, उदकातला. जन म्हणजे जन्म देणारा. हायड्रो म्हणजे पाणी, जेन म्हणजे जन्म देणारा. तो जळला की पाणी तयार होतं, म्हणून अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्याला हे नाव दिलं. गंमत अशी की हायड्रो आणि उद मुळात एकच, जेन आणि जन मुळात एकच. हजारो वर्षांपूर्वी दुरावलेली भावंडं एका वायूच्या नावात परत भेटली.

उदगीरकरांना आणखी एक किल्ली मिळालेली आहे, तीही सांगते. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यात होतो. माझे आजोबा उर्दूत शिकले. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथं विज्ञान आणि वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकवायचे, आणि त्यासाठी शब्द घडवायला वेगळं भाषांतर खातंच होतं. त्या उर्दूत मायक्रोस्कोपला म्हणतात खुर्दबीन. खुर्द म्हणजे लहान. गावांच्या नावांत खुर्द आणि बुद्रुक असतं, त्यातला हा खुर्द. बीन म्हणजे बघणारं. मायक्रो-स्कोप, सूक्ष्म-दर्शक, खुर्द-बीन. आणि दुर्बीण? तो आपण मराठी समजतो तो शब्द फारसीतला, दूर-बीन. टेली-स्कोप. आजोबा उर्दूत जे शिकले, मी मराठीत जे शिकले आणि ही पोरगी इंग्रजीत जे शिकतेय, ते एकाच जागी तुटतं. आमच्या गल्लीत मराठी, कानडी आणि दखनी उर्दू एकाच नळावर भांडतात. तिथल्या लेकराला चौथी भाषा परकी वाटायचं कारण नाही.

बरं, आता एक पेच. घास आणि फोडी दर वेळी एकाच जागी तुटत नाहीत. थर्मामीटर घ्या. फोडी थर्मो आणि मीटर, उष्णता आणि मापक. पण इंग्रज माणूस म्हणतो थ-मॉम-इ-टर. मीटरमधला म त्यानं मागच्या घासाला देऊन टाकला. बायॉलॉजीत फोडी बायो आणि लॉजी, पण घास बाय-ऑ-ल-जी. फोटोग्राफमध्ये फोटो शाबूत असतो, फोटोग्राफी म्हटलं की तोच फ-टॉग-र-फी होतो. इंग्रजीत शब्दातल्या एका घासावर जोर असतो. शेपूट बदललं की जोर सरकतो आणि जोर सरकला की घासांच्या भिंतीही सरकतात.

हे विचित्र वाटतं का? मग हे बघा. उदगीर: उद-गीर. उदगिरात: उद-गि-रात. र कुठं गेला? आधी गी-ला धरून होता, शेपूट लागल्याबरोबर उडी मारून पुढं गेला. कमळ म्हणताना क-मळ, कमळात म्हणताना कम-ळात. म इकडून तिकडं. म्हणून काय कमळ हा शब्द मोडला? फोड तीच, कमळ आणि आत. तोंड त्याच्या सोयीनं घास घेतं, अर्थ आपल्या जागी बसून असतो.

यातून मी पोरांना एक सांगते, कुणाला पटेल, कुणाला नाही. आपण थर्मा-मीटर, फोटो-ग्राफी असं सपाट म्हणतो, त्याला लोक हसतात. पण त्या उच्चारात फोडी साबूत राहतात आणि स्पेलिंग चुकत नाही. लिहिताना आणि पाठ करताना बिनधास्त आपल्या रीतीनं म्हणा. चारचौघांत बोलायचं असेल तेव्हा त्यांच्या रीतीचा सराव करा. दोन्ही येऊ द्या, पण पहिल्याची लाज नको. इंग्रजांचं आणि अमेरिकनांचं तरी कुठं एकमत आहे? ओळीच्या शेवटी नॉलेज हा शब्द तोडायची वेळ आली तर अमेरिकन लोक के-एन-ओ-डब्ल्यू-एल वर तोडतात, आवाज बघून. इंग्रजांची जुनी रीत के-एन-ओ-डब्ल्यू वर तोडायची, म्हणजे नो, जाणणे, ही फोड शाबूत राहते. अमेरिकेत नोआ वेबस्टर नावाच्या मास्तरांनी १७८३ साली लेकरांसाठी स्पेलिंगचं पुस्तक काढलं, त्यात शब्द आवाजानं तोडून दिले, तिथून ती रीत तिकडं रुजत गेली. तेव्हा डिक्शनरीत शब्दामध्ये जे ठिपके दिसतात ते ओळ कुठं तोडावी याचे असतात, फोड कुठं आहे याचे नसतात. त्यावरून कुणी अर्थ लावायला जाऊ नये.

दुहेरी अक्षरांचं कोडंही फोडीनंच सुटतं. इल्लीगलमध्ये दोन एल का? कारण तो मुळात इन आणि लीगल. इन म्हणजे नाही. न् पुढं ल आला की न् चा ल झाला. आपण शिकलोय की नाही? उत् अधिक लास, उल्लास. सत् अधिक जन, सज्जन. व्यंजनसंधी! तसंच इन अधिक मॅच्युअर, म्हणून दोन एम. इन अधिक रेग्युलर, म्हणून दोन आर. लॉजच्या पाटीवर नेहमी चुकणारा अकोमोडेशन: त्यात अ‍ॅड आहे, कॉम आहे आणि मोड आहे. अ‍ॅडचा डी पुढच्या सी-मध्ये मिसळला म्हणून सी दोन, आणि कॉमचा एम नि मोडचा एम मिळून एम दोन. पाटीवर बहुतेक वेळा एक एम गळालेला असतो. फोटोसिंथेसिसमधला सिन्‌ही असाच रूप बदलतो. बी-पुढं सिम् होतो, सिंबायोसिस. एल-पुढं सिल् होतो. कुठं? खुद्द सिलॅबल या शब्दात. सिन् म्हणजे एकत्र आणि पुढचा भाग धरणं या अर्थाचा. एकत्र धरलेली अक्षरं. घास!

मात्र फोडी करण्याची चटक लागली की पोरं नको तिथंही सुरी चालवतात. अंकलच्या सुरुवातीला यू-एन दिसला म्हणून अनहॅपीसारखा नकार समजायचं नाही. मराठीतही तसंच. बेकार, बेइमान यांतला बे काढता येतो. बेडूक म्हणजे डूक नसलेला नव्हे, आणि बेसनाचा सणाशी काही संबंध नाही. तुकडा काढल्यावर उरलेला भाग काहीतरी म्हणतोय का, हे बघायचं. नसेल म्हणत तर तो शब्द तोडायचा नसतो.

अनोळखी शब्द आला की मी शेपटापासून सुरू करते. लॉजी, मीटर, फायटा, शन असं ओळखीचं शेपूट झाकून टाकायचं. मग तोंडाकडचं मायक्रो, हायड्रो, इन, डाय झाकायचं. मध्ये जे उरतं ते बहुधा लहानसंच असतं, त्याचे घास करायचे. एक उदाहरण देते. आमच्या लहानपणी हिवतापवाले घरोघर भिंतींवर डीडीटी फवारायला यायचे. त्याचं पूर्ण नाव एकतीस अक्षरांचं: डायक्लोरोडायफिनाइलट्रायक्लोरोइथेन. भाचीला म्हटलं, तोड. शेपूट इथेन. डाय-क्लोरो, दोन क्लोरिन. डाय-फिनाइल, दोन फिनाइल. ट्राय-क्लोरो, तीन क्लोरिन. म्हणाली, "मावशी, हा तर समास आहे." म्हटलं, होय, आणि विग्रह केलास तर नुसतं नाव नाही, रेणूत काय काय आहे तेही हातात येतं. सेंद्रिय रसायनाची सगळी नावं अशीच. तिला ज्या विषयाची जास्त भीती होती तो हाच.

त्या रविवारी मेसचं जेवण थंड होईपर्यंत आम्ही शब्द फोडत बसलो. ती लगेच सगळं बोलू लागली असं काही झालं नाही. पुढच्या आठवड्यातही ती तासाला वाचताना अडली. पण आर्ट्सचा विषय परत निघाला नाही. ताईनं मात्र मला फोन करून विचारलंच, "काय केलंस गं तिला? वहीत मराठी शब्द लिहून ठेवायलीय, सर रागावतील की." मी म्हटलं, रागावू देत.

आता ती मला रोज एक शब्द पाठवते, फोडी करून. परवा टेरिडोफायटा आला होता. नेच्यांचा गट. फायटा म्हणजे वनस्पती, हे तिनं बरोबर लिहिलं होतं. खाली प्रश्न: "टेरिडोच्या आधी पी कामून आहे? बोलत तर कोणीच नाही." मी लिहिलं, ग्रीकमध्ये टेरॉन म्हणजे पंख, त्याच्याही आधी पी असतो, नेच्याचं पान पिसासारखं दिसतं. आपला पत्र हा शब्द त्याचाच भाऊ, जुन्या संस्कृतात पत्र म्हणजे पंखसुद्धा. तो पी सुरुवातीला मुका असतो, शब्दाच्या मध्ये आला की बोलतो. हेलिकॉप्टरमध्ये ऐकू येतो बघ.

पाच मिनिटांनी उत्तर आलं. "म्हणजे हेलिकॉप्टर हेलि आणि कॉप्टर असा तुटत नाही? हेलिको आणि प्टर?"

होय, म्हटलं. हेलिको म्हणजे मळसूत्रासारखा फिरणारा, प्टर म्हणजे पंख.

"बाबांना सांगते. ते ऐकणार नाहीत."